शुक्रवारचा रिकामा कप

मैसूनबाईंनी कडू कॉफीचा बिनकानाचा कप हातात घेतला आणि ओठाला न लावता समोरच्या तिपाईवर ठेवून दिला.

फव्वाझने हातातली किटली घाईने खाली ठेवली. तंबूत जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. पाहुण्याने कप खाली ठेवला, म्हणजे तो काही मागायला आला आहे; मागणं मान्य होईपर्यंत तो घोटही घेणार नाही. आणि तसाच उठून गेला, तर घरधन्याची पंचक्रोशीत नाचक्की.

"प्या, बाई, प्या! तुमचं काम झालंच म्हणून समजा," तो घाईघाईने म्हणाला.

बाईंनी कप उचलला आणि रिकामा केला.

"शाबास!" खिडकीशी बसलेला जानबेक म्हणाला. "काम काय ते ऐकायच्या आत शब्द देऊन मोकळा. उद्या कुणी माझी गाडी मागितली तर?"

"तर द्यायची. शब्द तो शब्द. तुम्ही सर्केशियन, बाहेरून येऊन अम्मानमध्ये वसलेले. तुम्हाला नाही कळायचं ते."

कोर्टात वीस वर्षं कारकुनी केल्यावर जानबेक खासगी तपासाकडे वळला होता. माणसं काय बोलतात यापेक्षा काय बोलायचं टाळतात, तिकडे त्याचं लक्ष असे. फव्वाझ त्याची गाडी हाकायचा, कचेरीत त्याच्यासाठी कॉफी करायचा आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

मैसूनबाई जेमतेम चोवीस वर्षांच्या, ऐन सफा या डोंगरातल्या गावी मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. पहाटेची बस पकडून आल्या होत्या.

"शिक्षण खात्याच्या पाहणीत लिहिलंय, आमच्या शाळेत नऊ मुली. आहेत त्रेचाळीस! पाहणी करणारा शाळेत आलाच नव्हता. मी त्या पाहणीची प्रत, दोन वर्षांची हजेरी आणि सगळ्या बापांच्या सह्या अशी फाइल करून अबू घैथांना दिली."

"सिनेटर अबू घैथ?"

"तेच. आमच्याच गावचे. सिनेटमध्ये उद्या दहा वाजता शाळा बंद करण्यावर चर्चा आहे. शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे भाषणाची उजळणी करायला गेले. त्यांनी माझ्यादेखत लोखंडी कपाट उघडलं. आत फाइल नाही!"

"ते काय म्हणाले?"

"'फाइल आता या घरात नाही, बेटा.' एवढंच."

"चोरी झाली, असं म्हणाले?"

"चोरी चोरी म्हणून ओरडले मी! ते पोलिसांनाही बोलवू देईनात." बाई पुढे सरकल्या. "पुढची शाळा सतरा किलोमीटरवर आहे. मुलगे तिथे जातात. मुलींना कुणी एवढ्या लांब पाठवणार नाही. त्रेचाळीस जणी उद्यापासून घरी बसतील, साहेब. आमच्या शाळेच्या पहिल्या तुकडीत मी होते. अबू घैथ सिनेटमध्ये बोलले म्हणून ती शाळा उघडली होती."

जानबेकने टोपी उचलली.

बाईंना घेऊन गाडी अम्मानहून दक्षिणेकडे, ऐन सफाला निघाली. मागच्या सीटवर जानबेक सिनेटच्या कामकाजाचे जाडजूड खंड चाळत होता.

"सोळा वर्षं भाषणं. आरोग्य केंद्राला डॉक्टर नाही, पोस्टाला माणूस नाही, पाण्याची टाकी फुटकी. पण सगळ्यात जास्त शाळांवर. आणि दर भाषणात हे वाक्य: 'कागद माझ्या हातात आहे.' पुराव्याशिवाय हा माणूस एकदाही उभा राहिलेला नाही."

"म्हणूनच चोराने कागदावर डल्ला मारला," फव्वाझ म्हणाला. "खात्याचाच माणूस असणार. लिहून देतो!"

जानबेकने सिनेटच्या कचेरीत फोन लावला, जुन्या ओळखीच्या कारकुनाला उद्याच्या वक्त्यांची यादी विचारली आणि फोन ठेवला.

"अबू घैथांचं नाव यादीत नाही. शुक्रवारी सुट्टी असूनही त्यांनी संध्याकाळी कारकुनाच्या घरी फोन केला आणि स्वतःच नाव काढायला लावलं."

"हात-पाय गळले असतील बिचाऱ्याचे, फाइल गेल्यावर," फव्वाझ हळहळला.

जानबेकने वहीत 'शुक्रवार संध्याकाळ' एवढंच लिहून घेतलं.

सिनेटरच्या घरी आधी भेटला तो ओदेह, बैठकीतली कॉफी सांभाळणारा म्हातारा. तो उखळात दाणे कुटत होता.

"शुक्रवारी नमाजानंतर तिघं आले," तो म्हणाला. "पहिला खात्याचा माणूस. भाषणाची प्रत द्या म्हणाला. मालक नाही म्हणाले. उंबऱ्याबाहेरूनच परत गेला, कॉफीसुद्धा घेतली नाही. मग मालकांचा पुतण्या सत्ताम. शेवटी हजयात्रा करून आलेले हाज मिथकाल, मालकांचे लहानपणापासूनचे दोस्त. मालक लहानपणी ओढ्याच्या पुरात वाहून जात होते, तेव्हा यांनीच बाहेर ओढलं त्यांना."

"कप कोण गोळा करतं?"

"माझ्याशिवाय कोण?" ओदेहला राग आला. "शुक्रवारी जेवढे भरून दिले तेवढे रिकामे परत आले. या दारातून कप भरलेला परत गेल्याचं मी बापजन्मात पाहिलं नाही!"

"कपाटाची किल्ली?"

"एकच आहे. मालकांच्या खिशात असते. कपाट बैठकीतच आहे. तिघं होते तोवर मालक तिथून हललेही नाहीत; मी मात्र कॉफीसाठी आतबाहेर करत होतो."

सत्ताम त्याच्या गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा होता. बाहेर येऊन त्याने तेलकट हातांनी एक पत्र दाखवलं.

"बंदरातल्या नोकरीसाठी काकांची शिफारस हवी होती. मी कप खाली ठेवला. काका म्हणाले, 'पी, गाढवा, देतो.' दोन कप प्यालो वर! निघालो तेव्हा हाज मिथकाल येत होते. कपाट बंद होतं."

हाज मिथकाल डाळिंबाच्या बागेत भेटले. सत्तरीचे, ताठ. मैसूनबाईंना पाहिलं आणि त्यांनी मान खाली घातली.

"हो, मी मागायलाच गेलो होतो," ते म्हणाले. "काय ते विचारू नका, म्हाताऱ्यांचं आपसातलं आहे. त्याने साफ नकार दिला. मी उठून आलो. अबू घैथ खडकासारखा माणूस. कुणापुढे वाकत नाही, हे गावात सगळ्यांना सांगा."

"ओदेह म्हणत होता, तुमचा मुलगा रकान शिक्षण खात्यात आहे?"

"आहे. लपवायचं काय त्यात? या, कॉफी घेऊ."

"परत येऊ तेव्हा," जानबेक म्हणाला.

वाटेत फव्वाझला राहवलं नाही. "मग चोर कोण? खात्याचा माणूस आत आला नाही, पुतण्याचं काम झालं, हाजना नकार मिळाला. मला तर तो ओदेहच..."

"फव्वाझ, सकाळपासून तुझ्या नाकासमोर आहे सगळं. तुझ्या हाडीमांसी खिळलेलं आहे, म्हणून तुला दिसत नाही."

सिनेटर अबू घैथ बैठकीत एकटेच बसले होते. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. जानबेक त्यांच्यासमोर बसला. दाराशी मैसूनबाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे ओदेह.

"साहेब, चोरी झालेलीच नाही," जानबेक सावकाश म्हणाला. "किल्ली एकच, ती तुमच्या खिशात. कुलूप शाबूत. शनिवारी बाईंसमोर कपाट उघडलं तेव्हा फाइल नसल्याचं उघड झालं. पण भाषणाच्या यादीतून नाव तुम्ही शुक्रवारी संध्याकाळीच काढलंत. म्हणजे फाइल गेल्याचं तुम्हाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. आणि तुमच्या तोंडून चोरी हा शब्द एकदाही निघाला नाही. 'फाइल आता या घरात नाही' म्हणालात. सोळा वर्षं कागद हातात घेऊन खरं बोलणाऱ्याला खोटं बोलवेना."

अबू घैथांनी नजर वर केली.

"फाइल तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत. कुणाला? हाज म्हणतात, मी मागितलं, त्याने नकार दिला. पण ओदेह म्हणतो, सगळे कप रिकामे परत आले. मागायला आलेला माणूस नकार मिळाल्यावर कॉफी पिईल?"

फव्वाझने कपाळावर हात मारला. "या अल्लाह! कप रिकामा, म्हणजे मागणं मान्य!"

"आणि तुझ्यासारखंच, न ऐकता मान्य," जानबेक म्हणाला. "जिवलग मित्राने कप खाली ठेवला. साहेब म्हणाले, पी, दिलं. कप रिकामा झाला आणि मग मागणं कळलं. ज्याने शाळेत पाऊल न टाकता 'नऊ मुली' लिहिलं, तो रकान. फाइल उघडली की त्याची नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही."



"मला वाटलं, माझ्या जमिनीतून वाट मागेल," अबू घैथ अखेर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "नाहीतर नातीच्या लग्नाचं काही. ज्याने मला जीवदान दिलं, त्याला काय विचारायचं होतं? फाइल मागितली. वर, या विषयावर सिनेटमध्ये बोलणार नाही, हा शब्द. इकडे मुली, तिकडे शब्द. माझ्या घरात दिलेला शब्द मी मोडला, तर उद्या माझ्या कुठल्याही शब्दाला काय किंमत?"

"मग हाज खोटं का बोलले?" मैसूनबाईंनी विचारलं.

"तुमच्या साहेबांची अब्रू राखायला," जानबेक म्हणाला. "अबू घैथने मुली विकल्या असं कुणी म्हणू नये म्हणून. वाईट माणूस नाही तो. बाप आहे."

"आता कोण सोडवणार मला?" अबू घैथ म्हणाले.

"शब्द ज्याने घेतला, तोच सोडवू शकतो," फव्वाझ हळूच म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचं बरोबर होतं.

मैसूनबाई वळल्या आणि थेट हाजच्या घराकडे निघाल्या.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, हाज मिथकालच्या बैठकीत गावचे आठ-दहा वडीलधारे बसले होते. रकानही कोपऱ्यात होता. बाई आत आल्या तशी कुजबुज थांबली. हाजनी स्वतः कॉफी ओतली. बाईंनी कप घेतला आणि खाली ठेवला.

हाज कपाकडे बघत राहिले, मग मुलाकडे. रकानने मान वर केली नाही. मागणं काय आहे, हे म्हाताऱ्याला पुरतं ठाऊक होतं. आधी विचारायची मुभा त्यांना होती. विचारून नाही म्हणायचीही होती.

कॉफीवरची वाफ संपली.

"बेटा, तुझी कॉफी गार झाली," हाज म्हणाले. त्यांनी कप उचलून ओतून टाकला आणि नवी कॉफी भरली. "पी. दिलं."

"ऐकून तरी घ्या, हाज."

"त्यानेही ऐकून घेतलं नव्हतं."

बाईंनी कॉफी प्यायली. हाज आत गेले आणि फाइल घेऊन आले. सगळ्यांसमोर त्यांनी ती बाईंच्या मांडीवर ठेवली.

"अबू घैथला सांग, मिथकालने शब्द परत केला. उद्या बोल म्हणावं. सातव्या पानावर, पाहणीखाली, माझ्या मुलाचं नाव आहे." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ते खोडू नका."

रकान उठला. सगळ्यांना वाटलं, तो निघून जाणार. तो बापाजवळ येऊन खाली बसला.

"सातवं पान मीच वाचून दाखवतो, बाबा," तो म्हणाला. "उद्या मी अबू घैथांबरोबर अम्मानला जातो."

दुसऱ्या दिवशी दहाला सिनेटच्या प्रेक्षक सज्जात जानबेक, मैसूनबाई आणि फव्वाझ दाटीने बसले होते. त्यांच्या शेजारी रकान होता, मांडीवर हात घट्ट धरून. यादीत नाव पुन्हा शेवटी जोडलं गेलं होतं. अबू घैथ उभे राहिले. त्यांनी वर सज्जाकडे पाहिलं, मग फाइल उंचावली.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "कागद माझ्या हातात आहे."