वूदांगवाले खोपकर

शुक्रवारी सकाळी वसंतराव खोपकरांचा देव चोरीला गेला आणि नऊच्या आत त्यांनी चोरही ठरवून टाकला.

"कुलसुम, मुकाट्याने देतेस की पोलिसांना बोलावू?" शारजातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ते गरजले.

स्वयंपाकीण कुलसुम दाराशी उभी होती. रत्नागिरीकडची, पन्नाशीची. अकरा वर्षं तिने या घरात रांधलं होतं. तिचा पासपोर्ट वसंतरावांच्या कपाटात असल्याने तिने आवाज किती चढवायचा, हेही तेच ठरवत.

गिरिजा देवस्थळींना फोन केला तो वसंतरावांच्या मुलीने, पर्णिकाने. गिरिजाबाई एकेकाळी मुंबईत विम्याचे खोटे दावे हुडकत. आता इथल्या कुटुंबांच्या नाजूक भानगडी निस्तरत. सोबत वसईचा लॉरेन्स डाबरे होता, शारजातल्याच रोल्ला भागातल्या एका हॉटेलचा रिसेप्शनिस्ट. गाडी माझी, डोकं मॅडमचं, असं तोच सांगे.

लॉरेन्सला वसंतरावांचा मोठा आदर होता. इथल्या मराठी मंडळात त्यांचं भाषण त्याने दोनदा ऐकलं होतं. चीनमधला वूदांग पर्वत, ताओ पंथाची देवळं, हजारो पायऱ्या, आणि शिखरावरच्या सोनेरी मंदिरात वृद्ध महंतांनी स्वहस्ते दिलेली झेनवू देवाची मूर्ती. गावभर त्यांना वूदांगवाले खोपकर म्हणत.

"अजून आठवतं," वसंतराव आताही रंगात आले. "शिखरावर पोचलो, मंदिराच्या लाकडी खांबाला मिठी मारली. त्या जुन्या लाकडाचा वास! डोळ्यांत पाणी आलं हो."

लॉरेन्सच्याही आलं. गिरिजाबाईंनी मात्र जांभई दिली.

मूर्ती वीतभर उंचीची होती. काचेच्या कपाटात तिच्या जागी आता फक्त हिरव्या बनातीची एक गोल चकती चिकटून राहिली होती. बाईंनी ती नखाने उचकटून पाहिली.

"रात्री दार?"

"आतून कुलूप. किल्ली माझ्या उशाखाली. सकाळी उठलो तर देव गायब!"

"आणि तेव्हापासून?"

"कुणालाही बाहेर सोडलं नाही. हिची खोली मी स्वतः उलटीपालटी केली. लबाड आहे, कुठे दडवलंय कोण जाणे."

पर्णिका रडकुंडीला आली होती. "आज मिस्टर लिन लंचला येणार होते. माझ्या ऑफिसला टाइल्स पुरवतात. त्यांचं गाव वूदांगच्या पायथ्याशी आहे. बाबांना सरप्राइज म्हणून काल रात्री जेवताना सांगितलं. त्यांनीच मला हे पुस्तक दिलं."

लॉरेन्सने पुस्तक चाळलं. धुक्यातली देवळं, कड्यांवरचे जिने. शिखरावरच्या मंदिराच्या चित्राखाली इंग्रजीत लिहिलं होतं: खांबांपासून छपरापर्यंत सारं ओतीव तांब्याचं, वर सोन्याचा मुलामा. वा, असं म्हणून त्याने बाईंच्या देखत पान उलटलं.

स्वयंपाकघरात कुलसुम पोळ्या लाटत होती. चोर ठरली तरी जेवण तिनेच करायचं होतं.

"पाहुण्यांना काय?" बाईंनी विचारलं.

"चपात्या, कोंबडी, भाजी. भात नाय, ताई. साहेब पहाटेच सांगून गेले, आज डबा उघडायचा नाय म्हणून. एरवी भाताबिगर त्यांचा घास उतरत नाय."

गिरिजाबाई सरळ दिवाणखान्यात आल्या. "वसंतराव, मला वरणभात हवा."

"आज... आज भात नाही."

"चिनी पाहुण्याला भात नाही? लॉरेन्स, तांदळाचा डबा आणा."

वसंतराव उठले, पण लॉरेन्स जवळ होता. बाईंनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला झेनवू बाहेर काढला.

"पाहिलंत? हिनेच लपवला!" वसंतराव ओरडले.

"हिने? मग भात करू नकोस असं तुम्ही का सांगितलंत?" बाईंचा आवाज चढलाही नाही. "चोराने दडवलेल्या जागेवर मालक पहारा ठेवत नाही. कुलूप आतून, किल्ली तुमच्या उशाखाली. म्हणजे मूर्ती घरातच होती. प्रश्न एवढाच, की ती कालच का हलली? कारण त्या पर्वताखाली वाढलेला माणूस येतोय हे तुम्हाला काल रात्री कळलं. तो विचारणार, कुठल्या वाटेने चढलात? महंत कोण?"

"मी चढलोय!"

"तुम्ही लाकडी खांबाला मिठी मारलीत. ते मंदिर तांब्याचं आहे. लॉरेन्सने आत्ताच वाचलं आणि पान उलटलं. आणि पुरातन देवळातल्या मूर्तीच्या बुडाला ही बनात? फर्निचरला ओरखडे पडू नयेत म्हणून दुकानदार चिकटवतो ती. घाईत मूर्ती ओढलीत, ही मागे राहिली."

वसंतराव मटकन बसले. "कामासाठी शांघायला गेलो होतो. तिथल्या हॉटेलातल्या दुकानात घेतली. मंडळात सहज बोललो... लोकांना आवडलं."

"खोटं बोललात, त्याची मला फक्त कीव आली असती," गिरिजाबाई म्हणाल्या. "पण ते झाकायला हिला तुरुंगात घालायला निघालात. पासपोर्ट आणा. आणि पुढच्या सभेत खरं सांगा, नाहीतर मी सांगेन."

पर्णिकाने बापाकडे पाहिलंही नाही. कपाटाची किल्ली घेऊन तिनेच पासपोर्ट आणला आणि कुलसुमच्या हातात ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. मिस्टर लिन, पिशवीभर संत्री घेऊन. वसंतरावांचा चेहरा पांढरा पडला.

"यू क्लाइम्ब वूदांग! वेरी गुड!" लिन हसले आणि तशाच मोडक्या इंग्रजीत सांगू लागले. "मी तिथलाच, पण लहानपणापासून गुडघे अधू. आई दर वर्षी जायची. मी कधीच वर गेलो नाही. वर काय आहे, सांगा ना मला."

मग वसंतराव हळूहळू सावरले. चेहऱ्यावर तेच मंडळातलं हसू आलं. "या, या, बसा," ते म्हणाले. "काय सांगू तुम्हाला, तो वारा, ते ढग..."

कुलसुमने पदर खोचला, आपली कपड्यांची पिशवी उचलली आणि ती चालती झाली. पोळी तव्यावर करपत होती.

लॉरेन्स निघताना वसंतरावांनी हस्तांदोलनासाठी त्याच्यापुढे हात केला. लॉरेन्सने तो पाहिला आणि गाडीची किल्ली खिशातून काढून तो जिना उतरू लागला.