रिकामा फास

लिफ्टचे दोर तपासणं हे माझं काम. बायको म्हणते, मी कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा दोनदा ओढून बघतो. त्यामुळे हिमनदीच्या कडेला वाटाड्या आम्हाला दोराला बांधायला लागला, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर उभाच होतो.

बायकोचं मोठं ऑपरेशन होऊन गेलं होतं. वर्षभर घर आणि दवाखाना, दवाखाना आणि घर. ‘बरी झाले की बर्फावर चालेन’ असं तिने पलंगावरच जाहीर करून टाकलं होतं. ती धडधाकट परत यावी, एवढंच माझ्या मनात होतं. निसर्गसौंदर्य वगैरे तिच्याकडे सोपवलं होतं.

पुढे वाटाड्या, मध्ये ती, मागे मी. गाठी चोख होत्या. फक्त माझ्या मागे त्याने बराच दोर मोकळा सोडला आणि टोकाला माणसाच्या कमरेएवढा फास बांधला.

“हा कुणासाठी?” मी विचारलं.

“असू द्या. आम्ही बांधतो.”

“अहो, लोंबता दोर कुठेतरी अडकेल.”

“अडकत नाही, साहेब. फक्त सोडू नका.”

बुटांना लोखंडी दात बांधून आम्ही निघालो. जवळून बर्फ पांढरा नव्हताच. वाळू मिसळलेला, राखाडी, भेगांच्या आत निळा. पायाखाली करकर आणि खोल कुठेतरी वाहतं पाणी.

“बघ, धाप लागत नाही!” बायको वळून म्हणाली. मला फार बरं वाटलं.

मागचा दोर मात्र बर्फावर घासत नव्हता. घासणाऱ्या दोराचा आवाज मी झोपेतही ओळखेन. वळून पाहिलं, तर फास माझ्या कमरेच्या उंचीवर, बर्फापासून वर, माझ्या मागून येत होता. वारा असेल, असं मी ठरवलं. वारा नव्हता.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी फासाची गाठ सोडली आणि दोर गुंडाळून खांद्याला अडकवला. मोकळं टोक आवरून ठेवायचं, हे मी हाताखालच्या लोकांना रोज ओरडून सांगतो. वाटाड्याची पाठ आमच्याकडे होती. उगाच वाद कशाला, म्हणून बोललो नाही.

त्यानंतर बायकोची चाल मंदावली.

“दमलीस?”

“नाही. तू जरा अंतर ठेव ना. मानेवर श्वास येतोय तुझा.”

आमच्यामधला दोर पुरता ताणलेला होता. तिच्यापर्यंत माझा हातही पोचला नसता.

मग तो दोर मधोमध खाली वाकला. कुणी त्यावर हात टेकावा तसा.

मला भीती वाटली.

वाटाड्या थांबला. त्याने दोर मुठीत धरून पाहिला.

“मागची गाठ कुणी सोडली?”

मी खांद्यावरची गुंडाळी दाखवली. तो घाईने मागे आला, पुन्हा फास बांधला, लांब मागे टाकला. आम्ही वाट पाहिली. फास बर्फावर नुसता पडून होता.

“चला,” तो म्हणाला. “आता तो मागे नाही जायचा.”

“कोण?”

“जपून हं, ताई,” एवढंच तो बायकोला म्हणाला.

उतरताना पूर्ण वेळ फास माझ्या मागे बर्फावर घासत आला.

लॉजच्या खोलीत हीटर लावला. बूट काढले. बायको पलंगाच्या कडेला वाकून बसली होती.

“माझी सॅक उतरव ना रे,” ती म्हणाली. “पट्टे रुतताहेत.”

डॉक्टरांनी तिला वजन उचलायची मनाई केली होती. तिची सॅक सकाळपासून माझ्याकडेच होती. आत्ताही ती दाराशी ठेवलेली दिसत होती.

“उतरव ना,” ती म्हणाली.

तिच्या जॅकेटचे दोन्ही खांदे खाली दबलेले होते.