गाडीतला फोन आणि शनिवारचं लिंबू

"हा फोन कुणी वापरला?" शाल्मली अंगणातूनच ओरडली.

तिच्या हातात गाडीतला जुना मोबाईल होता आणि कितीही वेळ बटण दाबलं तरी तो हूं की चूं करत नव्हता.

"कुणी हातसुद्धा लावला नाही गं," आई म्हणाली. दर शनिवारी करायची तसं ती गाडीच्या पुढच्या बाजूची लिंबू-मिरची बदलत होती.

"मग चार्ज गेला कुठे? गेल्याच शनिवारी मी गच्च भरून ठेवला होता!"

शाल्मलीचा चेहरा पडला, आणि त्याला कारणही तसंच होतं. तिची आई गुरांची डॉक्टर. सातपुड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर ती एकटीच जायची. आता तुम्ही म्हणाल, शाल्मलीच्या काळात सगळ्या मोठ्यांच्या मनगटावर घड्याळाएवढे फोन होते, मग हे जुनं धूड हवं कशाला? शिवाय आईची गाडी स्वतःची स्वतः चालायची आणि बोलायचीसुद्धा. आवाज असा ठसक्याचा, की घरात तिचं नाव हौसाबाई पडलं होतं. "मी आहे ना! अडचण आली तर मीच फोन लावते," असं हौसाबाई दिवसातून दहादा सांगायची.

पण आबांचा, म्हणजे शाल्मलीच्या आजोबांचा, हट्ट होता. आबांनी जन्मभर उपग्रहांसाठी बॅटऱ्या बनवल्या होत्या. ते म्हणायचे, "हौसाबाईचा जीव गाडीच्या बॅटरीत. ती बसली की बाईसाहेबांची वाचाही बसली. एक फोन असा हवा, जो कुणाच्याच जिवावर जगत नाही." आणि तो फोन सांभाळायचं काम शाल्मलीने मागून घेतलं होतं. शाळेत ती ते ऐटीत सांगायची. आता ती ऐट कुठल्या कुठे गेली. आई घाटात अडकली असती आणि हाच फोन हातात आला असता तर? शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबा झोपाळ्यावरून उठून आले. आईने काढलेलं जुनं लिंबू त्यांनी शाल्मलीच्या तळहातावर ठेवलं. ते सुकून सुरकुतलं होतं.

"हे कुणी पिळलं?"

"कुणीच नाही. नुसतं टांगलेलं होतं."

"मग रस कुठे गेला?"

शाल्मली लिंबाकडे पाहत राहिली. "आपोआप वाळला. उन्हाने."

"बॅटरीचंही काहीसं तसंच आहे. तिच्यात लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) असतात. चार्ज करताना आपण त्यांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतो. फोन वापरताना ते परत येतात आणि आपल्याला वीज मिळते. पण बॅटरी नुसती पडून असली तरी आत बारीकसारीक रासायनिक क्रिया चालूच राहतात आणि थोडा थोडा चार्ज उतरतो. याला म्हणतात स्वयंविसर्जन (न वापरता आपोआप चार्ज कमी होणे). उन्हात ते आणखी वाढतं. फोन कुठे ठेवला होतास?"

"समोरच्या काचेपाशी. पटकन दिसावा म्हणून."

"म्हणजे तव्यावरच! आणि चालू होता की बंद?"

"चालूच. पहारेकरी झोपून कसं चालेल?"

आबा खो खो हसले. "अगं, तुझ्या पहारेकऱ्याने ओरडून ओरडून जीव दिला! चालू फोन टॉवरला सारखा सांगत असतो, मी इथे आहे म्हणून. टॉवर जवळ असला तर कुजबुजलं तरी भागतं. डोंगरात टॉवर लांब. मग तो सगळी ताकद लावून त्याला शोधत राहतो. सर्वांत जास्त चार्ज खाल्ला तो त्याने."

"मग मी तो कायमचा चार्जरलाच लावून ठेवते. सदा भरलेला!"

"नको. गच्च भरलेली बॅटरी उन्हात राहिली की लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. आम्हीही उपग्रहांच्या बॅटऱ्या गच्च भरून ठेवत नव्हतो. निम्म्याहून थोडी जास्त भरायची, फोन पूर्ण बंद करायचा आणि सावलीत ठेवायचा."

"आणि मी विसरले तर?"

आबांनी आईच्या हातातल्या नव्या लिंबाकडे पाहिलं आणि ते ओशाळल्यासारखं हसले. या लिंबू-मिरचीवरून ते आईची कायम चेष्टा करायचे. त्यावर "तुमचे उपग्रह उडताना नारळ कोण फोडायचं, आबा?" असं म्हणून आई त्यांना गप्प करायची.

"लिंबू बदललं की फोन तपासायचा," शाल्मलीच म्हणाली. "आई लिंबू कधीच विसरत नाही!"

तेव्हापासून तसंच सुरू झालं. नवं लिंबू बांधलं की फोन घरात यायचा, कमी झालेला चार्ज भरून बंद व्हायचा आणि जाड कापडाच्या पिशवीतून सीटखालच्या सावलीत जाऊन बसायचा. हौसाबाई कुरकुरायची, "माझ्यावर विश्वासच नाही कुणाचा!"

दिवाळीच्या सुट्टीत शाल्मली आईबरोबर एका पाड्यावर गेली होती. दुपारी परत येताना घाटात वरून एक दगड गडगडत आला. हौसाबाईने करकचून ब्रेक लावला, पण चाक घसरलं आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात कलंडली. आग लागू नये म्हणून तिने स्वतःचीच वीज तोडली होती. एरवी बडबडणारी हौसाबाई गप्प झाली. आईचा मनगटी फोन दारावर आपटून फुटला होता आणि तिचा पाय पुढच्या भागात अडकला होता.

"शाल्मली, तुला लागलं का?" आईने विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही." शाल्मलीने सीटखाली हात घातला. पिशवी जागेवरच होती. तिने बटण दाबलं. फोन काही क्षण काळाच राहिला. तिने बटण आणखी दाबून धरलं. मग पडदा उजळला. चार्ज निम्म्याहून जास्त होता! पण टॉवर काही सापडत नव्हता.

"वळणापर्यंत जा. कडेकडेने," आई म्हणाली.

वळणावर पडद्यावर सिग्नलची एक काडी दिसली. शाल्मलीने ११२ लावला. तिने सांगायचं ते नीट सांगितलं. "आमची गाडी कलंडलीय. आईचा पाय अडकलाय. घाटात खालून तिसरं वळण, मोठ्या मोहाच्या झाडाजवळ." पलीकडच्या ताईने तिला फोन चालू ठेवायला सांगितला. मदत येईपर्यंत तो चालू राहिला.

पुढच्या शनिवारी आई पायाला प्लास्टर घालून ओट्यावर बसली होती आणि दुरुस्त झालेली हौसाबाई अंगणात उभी होती. ती चक्क म्हणाली, "त्या पिशवीतल्याला माझा नमस्कार सांगा."

फाटकाशी शेजारपाजारचे जमले होते आणि आबांची छाती फुगली होती. "माझ्या बॅटऱ्या आभाळात गेल्या," ते ज्याला त्याला सांगत होते, "पण हिची बॅटरी हिच्या आईला घरी घेऊन आली!"

शाल्मलीला फार अभिमान वाटला. मग ती म्हणाली, "आबा, मी मोठी झाले ना, की उन्हातही न उतरणारी बॅटरी बनवणार. सगळ्या डोंगरातल्या गाड्यांसाठी."

"नक्की बनवशील. आणि तोवर?"

उत्तराची वाट न पाहता आबा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळंधमक लिंबू, हिरव्या मिरच्या आणि सुईदोरा होता. आईने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

"हसू नकोस," आबा म्हणाले आणि चष्मा सावरून स्वतः मिरच्या ओवायला बसले. "शाल्मली, जा, फोन घेऊन ये."