शेवटचा फ्रीज आणि एक आगाऊ मास्तर

योकास्ता भर दुकानात फ्रीजसमोर गुडघे टेकून बसली होती. कागदाची पट्टी फटीत धरून दार लावायचं आणि मग पट्टी ओढून बघायची... सहज निसटली तर रबर ढिलं, म्हणजे गारवा बाहेर आणि विजेचं बिल घरात! ही पट्टी मात्र काही केल्या निसटेना. वर पिवळ्या लेबलावरचा विजेचा आकडाही इतका लहान, की तिला त्या फ्रीजला मिठीच मारावीशी वाटली. आनंदाने ती ताडकन उठली, आणि कुणीतरी नेमकं तेव्हाच वरचं दार उघडलं.

धाड!

“लागलं का?” दाराआडून आधी कुरळे केस आले, मग दोन डोळे. काकवीच्या रंगाचे. (असले डोळे नेमके डोकं दुखत असतानाच का दिसतात?)

“छे, मी हौसेनं डोकं आपटत असते! माझ्या फ्रीजचं दार सोडा आधी.”

“तुमच्या?” तो ओशाळून हसला. “मी सकाळीच विसार दिलाय हो...”

काउंटरमागच्या बाई नखं फुंकत म्हणाल्या, “शेवटचाच होता गं राणी. आता पुढचा माल ईस्टरनंतर.”

ईस्टरनंतर! योकास्ताला तर तो गुड फ्रायडेच्या आत हवा होता.

कारण सांतियागोतल्या त्यांच्या गल्लीत गुड फ्रायडे म्हणजे तिच्या आईच्या, दोन्या (म्हणजे बाई) मिरेयाच्या हातची राजम्याची गोड खीर. नारळाचं दूध, रताळं, मनुका, दालचिनी, वर छोटी बिस्किटं... आणि गार! कोमट खीर आईने आयुष्यात कुणाच्या दारी पाठवली नव्हती. त्याच आईचा जुना ओटा योकास्ताने हट्टाने फोडायला लावला होता, जुना फ्रीजही मोडीत काढला होता. “सगळ्या वस्तू कमी वीज खाणाऱ्या घेऊ. लाइट गेली तरी अख्खं स्वयंपाकघर इन्व्हर्टरवर चालेल, तू बघच!” आई एवढंच म्हणाली होती, “चालेल. पण यंदा गल्ली उपाशी राहिली तर गाठ माझ्याशी आहे.”

आणि आता तिचा फ्रीज तो आगाऊ माणूस घेऊन चालला होता. नाव राधामेस, शाळेत भूगोलाचा मास्तर. कहर म्हणजे तो नुकताच तिच्याच मागच्या गल्लीत राहायला आलेला!

त्यानंतर तो जिथे तिथे दिसायला लागला. ती धूर ओढणारा पंखा बघायला गेली, तर हा पंख्यांपाशी. ती मिक्सर बघायला गेली, तर हा मिक्सरपाशी, हातात दिव्यांचं खोकं.

“तुम्ही माझा पाठलाग करताय!”

“मी तर पुढे आहे, बाई. पाठलाग मागून करतात.”

“मास्तरकी शाळेत करा!”

“शाळेत कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत नाही हो.”

ती पाय आपटत निघून गेली. घरी पोचल्यावर लक्षात आलं, मिक्सर घ्यायचाच राहिला. वैताग, वैताग, नुसता वैताग!

त्यात आईने परस्पर तोड काढली. न्यूयॉर्कच्या मावशीने नवा फ्रीज घेतला आणि जुना बोटीतून पाठवून दिला. कपाटाएवढा, चंदेरी, दारातूनच बर्फ ओतणारा. गल्लीतल्या बायका तो बघायला रांग लावून आल्या.

“आई, हा बकासुर आहे. आपला इन्व्हर्टर गिळेल हा!”

“जीभ आवर. माझ्या बहिणीने प्रेमाने पाठवलाय.”

“याचं पिवळं लेबल कुठाय?”

“प्रेमाला लेबल नसतं!” आई ठणकावून म्हणाली. 

गुरुवारी सकाळी खीर झाली. दालचिनीचा वास कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. निवल्यावर आईने ती डब्यांत भरली आणि डबे बकासुराच्या पोटात गेले. दुपारी लाइट गेली. रोजचंच ते. इन्व्हर्टर सुरू झाला, बकासुर घरघरला, इन्व्हर्टर केविलवाणं ओरडायला लागला... आणि थोड्याच वेळात दोघंही गप्प.

आई नव्या कोऱ्या ओट्याला टेकून उभी राहिली. ओरडलीसुद्धा नाही. “दूध आहे त्यात,” एवढंच म्हणाली. “या उन्हात संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही.”

योकास्ताला रडूच आलं. ओटा तिनेच फोडायला लावला होता ना! शेजारी विचारायची सोय नव्हती. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, त्यांचे फ्रीज स्वतःच्या सणाने ओसंडत होते. आता एकच फ्रीज उरला होता, आणि त्याच्या मालकाचं तोंड बघायचं नाही असं तिने... जाऊ दे! गल्लीपेक्षा तिचा मान मोठा होता का?

मागच्या गल्लीतल्या माडीवर राधामेसने दार उघडलं. “तुम्ही? माझ्याकडे?”

“फ्रीज चालू आहे का?”

“आहे की. इन्व्हर्टरवर मजेत—”

पुढचं न ऐकताच ती आत घुसली आणि तिने फ्रीज उघडला. आत पाण्याची बाटली होती आणि एक कांदा.

“एक कांदा?” तिचा आवाज चिरकला. “एका कांद्यासाठी तुम्ही माझा फ्रीज पळवलात?”

“एकटा माणूस मी...” तो कान खाजवत म्हणाला. “पण जागा आहे ना भरपूर? काय ठेवायचंय?”

तिने सांगितलं. तिचं बोलणं संपायच्या आत तो चपला घालून निघालाही होता. भर उन्हात दोघांनी किती खेपा केल्या, कोण मोजतंय! डबे देताना एकदा बोटांना बोटं लागली. दोघंही डब्याकडेच बघत राहिले, जणू डब्यानेच काहीतरी केलं होतं.

शेवटचा डबा आत गेला तेव्हा तिला कोपऱ्यात खोक्यांची चळत दिसली. दिवे! सगळे कमी विजेचे, एकही खोकं फोडलेलं नाही.

“ही एक खोली, आणि एवढे दिवे?”

राधामेस आधी खिडकीकडे बघत राहिला, मग छताकडे. “दर वेळी दुकानात जायचं, तर काहीतरी घ्यावं लागतं ना... नुसतं उभं राहून कुणाची वाट बघितली तर काउंटरवरच्या बाई हसतात.”

“म्हणजे... पंख्यांपाशी... मिक्सरपाशी...”

“मला मिक्सर कसा लावतात तेही माहीत नाही, योकास्ता.”

पहिल्यांदाच तो तिला नावाने हाक मारत होता. तिला भयंकर राग यायला हवा होता. तिने शोधला हो खूप... सापडेचना! “मूर्ख,” ती म्हणाली. पण इतकं हळू, की ते काही शिवीसारखं वाटलंच नाही.

तेवढ्यात लाइट आली. सगळ्या गल्ल्यांतून एकच आरोळी उठली, “आली! आली!” रेडिओ सुरू झाले, पोरं नाचायला लागली आणि खालून आईची हाक आली, “योकास्ताऽ! लाइट आली गं! आण ते डबे परत!”

फ्रीजच्या दारावर तिचा हात तसाच राहिला. दुपारपासून याच लाइटसाठी तिने सगळ्या संतांना साकडं घातलं होतं. आणि आता?

“नेऊ?” तिने विचारलं.

“नेलेस तर खिरीला काही होणार नाही,” तो म्हणाला. अगदी खरं खरं, मास्तरासारखं. मग आवाज खाली गेला. “मला मात्र... नको नेऊस ना.”

तिने खिडकीतून मान बाहेर काढली. गाल तापले होते. उन्हानेच तापले असणार! “राहू दे आई! लाइट पुन्हा जाईल! उद्या इथूनच वाटू या, सगळ्या गल्लीला!”

 आई कमरेवर हात ठेवून वर बघत होती. आधी मुलीकडे, मग तिच्यामागे अर्ध्या दिसणाऱ्या कुरळ्या केसांकडे.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “खीर राहू दे तिथे. तू मात्र जेवायला घरी ये. आणि त्यालाही घेऊन ये, चांगला पोटभर जेवू घालते. नुसत्या दिव्यांनी पोट भरत नाही म्हणावं. दुकानातल्या बाईंनी मला केव्हाच सांगितलंय सगळं!”