हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही

आधीच सांगून टाकते. मी भूतबित मानणारी बाई नाही. कुणी असं काही सांगायला लागलं की सगळ्यात आधी हसणारी मीच.

आणि हे रात्रीचं नाही. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजलेले, लख्ख ऊन. माझ्या फोनमधल्या रेकॉर्डिंगवर तारीख आणि वेळ दोन्ही आहेत.

ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. परत ऐकलेलंही नाही.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नगरपालिकेच्या ऑनलाइन सेवांच्या विभागात आहे. लोक आमचे फॉर्म भरताना कुठं अडतात, ते शेजारी बसून बघायचं. सासूबाई म्हणतात, "म्हणजे दुसऱ्याला चुकताना बघायचा पगार घेतेस!" अगदी खोटं नाही ते.

या कामाचा एक नियम आहे. मदत करायची नाही. माणूस अडला तरी माउसला हात लावायचा नाही. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. मनात सात आकडे मोजायचे. शांतता कुणाला सहन होत नाही. समोरचा बोलतोच.

तो नियम मी एकदाच मोडला. त्याचंच हे सगळं.

झालं असं, की आमच्या एका फॉर्ममध्ये एकच पत्ता सारखा दिसायला लागला. घरातून कुणी कमी झालं की नाव काढायचा फॉर्म. कुणीतरी रोज दुपारी तो उघडायचं, शेवटच्या पानापर्यंत यायचं, आणि सोडून द्यायचं. एक्केचाळीस वेळा!

मी फोन केला. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. म्हणाले, "या की. बघा तरी माझं काय चुकतंय."

पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. कीबोर्डवर मोठ्या अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले. आजोबांची नजर जवळजवळ गेली होती. कोपरावर हिरवट डाग. बाथरूममध्ये दोनदा पडले होते. दुसऱ्यांदा चार तास तसेच पडून होते.

म्हणून त्यांना पालिकेची मदतनीस हवी होती. रोज सकाळी घरी येते, अंघोळ घालते, औषधं देते. पण ती फक्त एकट्या राहणाऱ्यांना मिळते, आणि आमच्या नोंदीत या घरात अजूनही दोघं राहत होती.

बायको आठ महिन्यांपूर्वी गेली होती. नाव तेवढं राहिलं होतं.

"मूलबाळ नाही," आजोबा म्हणाले. "एक पुतण्या आहे, तो सणासुदीच्या फोनपुरता. तिसऱ्यांदा पडलो तर उठेन असं वाटत नाही, पोरी."

ते इतकं सरळ बोलले, की मला गलबलून आलं.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाची परवानगी घ्यावी लागते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "घरात अजून कोणी आहे का?"

"नाही."

 मग म्हणाले, "म्हणजे बोलायला आहे ती. उचलायला कोणी नाही."

एकटी माणसं असं बोलतात. मी मान डोलावली आणि फोन टेबलावर ठेवला.

आजोबा हळूहळू पण बरोबर भरत होते. बायकोचं नाव. कारण, मृत्यू. तारीख. मग शेवटचं पान आलं आणि त्यांचा हात थांबला.

पानावर एकच रकाना होता. 'या व्यक्तीचा नवीन पत्ता.'

त्यांनी तो तसाच सोडून बटण दाबलं. लाल अक्षरं आली. 'हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.'

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घर बदलणाऱ्यांसाठी केलेला फॉर्म आम्ही मेलेल्यांसाठी तसाच वापरला होता. आणि एवढ्या शहाण्या माणसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

"इथं तुमच्या मनात काय येतंय?" मी नियमाप्रमाणे विचारलं आणि गप्प बसले.

एक... दोन... तीन...

आतल्या खोलीत कुणीतरी सपाता ओढत चालल्यासारखं वाटलं. शेजारचं घर असेल, मी मनात म्हटलं.

"मी 'देवाघरी' लिहून बघितलं," आजोबा म्हणाले. "फॉर्म म्हणाला, घर क्रमांक टाका."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"मग पुतण्याचा पत्ता टाकला. पण बटण दाबवेना. खरंच गेली त्याच्याकडे तर? तिचं आणि त्याच्या बायकोचं पटत नाही." ते आतल्या दाराकडे बघत होते. "आणि ती पत्त्याची फार पक्की. सदतीस वर्षं टपाल खात्यात पत्त्यांप्रमाणे पत्रं लावायची. एकदा वाचलेला पत्ता विसरली नाही कधी."

मी परत सात आकडे मोजले.  आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. 

"सरका आजोबा," मी म्हटलं आणि कीबोर्ड ओढला.

आता खरी चूक ऐका. आम्ही दिवसातून वीस वेळा फॉर्म तपासतो. पत्ता विचारला की प्रत्येकाची बोटं आपापल्या घराचा पत्ता टाइप करतात. विचारसुद्धा करावा लागत नाही. माझ्या बोटांनी तेच केलं.

मी माझ्या घराचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं.

हिरवी खूण आली. 'नोंद पूर्ण झाली.'

"झालं! सोमवारपासून मदतनीस येईल," मी म्हटलं.

आजोबा मान वर करून काहीतरी ऐकत होते. खूप वेळ.

"कुठं पाठवलंत हो तिला?"

"कुठं म्हणजे?"

"आवाज थांबला."

मी पण कान दिला. खरंच... सपातांचा आवाज बंद झाला होता.

मी पावती छापून त्यांच्या हातात दिली आणि जवळजवळ पळतच जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकायला बसले. कानात हेडफोन. माझा प्रश्न आला. मग माझी शांतता. एक, दोन, तीन...

कुणीतरी घसा खाकरला.

आजोबा नव्हते ते. बाईचा आवाज होता. अगदी फोनजवळ.

पुढची शांतता आली. परत खाकरणं. मग श्वास. बोलायला तोंड उघडल्यावर येतो तसा.

मग माझा आवाज, "सरका आजोबा." कीबोर्डची टकटक.

आणि त्या टकटकीवर... ती बाई माझा पत्ता वाचत होती.

एकेक आकडा. एकेक अक्षर. सावकाश. मग परत एकदा पहिल्यापासून. पाठ करत असल्यासारखी.

 शेजारी आमचा प्रोग्रामर बसतो, त्याच्या कानाला हेडफोन लावला. मला वाटलं, तो म्हणेल काहीच ऐकू येत नाही.

तो म्हणाला, "ही आजी तुझा पत्ता कशाला घोकतेय?"

त्या संध्याकाळी घरी गेले. आमच्या घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. दाराजवळच्या फळीवर बिलं, पत्रं, जाहिराती असा ढीग पडलेला असतो. तो नीट लावलेला होता. आकारानं नाही... पाठवणाऱ्याच्या पत्त्याप्रमाणे. जवळची गल्ली वर, लांबची खाली.

"सासूबाई, हे तुम्ही लावलंत?"

"मला मेलीला चष्म्याशिवाय दिसतंय का काही? आणि काय गं, दुपारी तुझ्या खोलीत कोण फिरत होतं?"

 नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सुट्टी घे चार दिवस."

मी साहेबांकडे गेले. तो रकाना सक्तीचा ठेवू नका म्हटलं. साहेब म्हणाले, "बघू, पुढच्या तिमाहीत घेऊ."

प्रोग्रामर म्हणाला, नोंद रद्द करू शकतो. पण मग त्या घरात परत दोन माणसं दिसणार आणि आजोबांची मदतनीस बंद होणार. नुसता पत्ता बदलायचा तर दुसरा कुणाचा तरी टाकावा लागणार.

कुणाचा टाकू, सांगा?

पुढच्या आठवड्यात मी घरून आजोबांना फोन केला. मदतनीस चांगली होती म्हणे. पण बाराला निघून जायची.

"त्यानंतर घर खायला उठतं बघ," ते म्हणाले. "आधी नुसतं दिसत नव्हतं. आता ऐकूही येत नाही काही."

मग आवाज खाली आणून विचारलं, "ती बरी आहे ना तुमच्याकडे?"

पावतीवर माझा पत्ता छापलेला होता. मदतनीस बाईंकडून त्यांनी तो वाचून घेतला होता.

मी "हो," म्हटलं. 

तेव्हा माझ्या मागच्या खोलीत... सपाता फरशीवरून सरकत होत्या.

पाच आठवडे गेले. एका बुधवारी मी ऑफिसात त्या फॉर्मच्या नोंदी बघत होते. आजोबांच्या घरून फॉर्म आला होता. या वेळी पूर्ण भरलेला.

नाव, त्यांचं स्वतःचं.

कारण, मृत्यू.

तारीख... येणारा शुक्रवार.

नवीन पत्ता, माझा.

पुढची तारीख टाकली तरी आमचा फॉर्म अडवत नाही, हेही तेव्हाच कळलं. मी तिथल्या तिथं फोन लावला.

"आजोबा, हे काय केलंत?"

"सगळं बरोबर भरलं ना?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "कुठं अडलो नाही बघ. एकदासुद्धा नाही."

मी रडकुंडीला आले. प्रोग्रामरकडून ती नोंद माझ्यासमोर रद्द करून घेतली. तरी जिवाला चैन पडेना. शुक्रवारी सुट्टी टाकून मी सकाळीच त्यांच्या घरी जाऊन बसले. म्हटलं, आज यांना डोळ्यांआड करायचं नाही.

आजोबांनी दाढी केली होती. धुतलेला शर्ट घातला होता.

"कुठं निघालात की काय?" मी उगाच थट्टा केली.

"तू आहेस ना इथं. मग कसा जाईन?" ते हसले.

बाराला मदतनीस गेली. मी वरण-भात कालवून दिला, ते पोटभर जेवले. एक वाजला. दोन वाजले. ते खुर्चीत बसले, मी समोर. तीनच्या सुमारास त्यांचा डोळा लागला. छाती वरखाली होताना मला स्पष्ट दिसत होती. माझा जीव भांड्यात पडला. रद्द केलेली नोंद ती, काय होणार?

तीन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. सासूबाई.

"अगं, तुझ्या ओळखीचे एक आजोबा आलेत. बसवलंय त्यांना."

"कोण आजोबा?"

"मला काय माहीत! दाढीबिढी करून आलेत. कुणाकडं आलात विचारलं, तर म्हणतात आमची ही इथं राहते." मग फोन बाजूला धरून त्या म्हणाल्या, "अहो, तिकडं कुठं? ती सुनेची खोली आहे..."

मी समोर बघितलं.

आजोबा तसेच बसले होते. मान किंचित आतल्या दाराकडे वळलेली. छाती हलत नव्हती. मी हात धरला, तो अजून ऊबदार होता.

मी त्यांच्याकडेच बघत होते हो. फक्त फोन उचलायला खाली बघितलं, तेवढंच.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेत गेले. पुतण्या आला, त्यानं सगळं रीतसर केलं.

सासूबाई आजही शपथेवर सांगतात, तो माणूस माझ्या खोलीत गेला आणि बाहेर आला नाही. त्यांना मी काही समजावलेलं नाही. मी आता बाहेरच्या खोलीत बसून काम करते. नवऱ्यानं "सुट्टी घे" म्हणायचं सोडलंय. परवा त्यालाही ऐकू आलं. आत दोन माणसं हळू आवाजात बोलत होती. भांडत नव्हती. बाई काहीतरी वाचून दाखवत होती आणि पुरुष मधूनमधून "हं" म्हणत होता.

गेल्या महिन्यात फॉर्म एकदाचा दुरुस्त झाला. नवीन पत्त्याचा रकाना आता रिकामा ठेवता येतो. प्रोग्रामर म्हणाला, "चल, त्या आजीचा पत्ता पुसून टाकू. मोकळी होशील."

मी होकार दिला होता. तो टाइप करायला बसला आणि मीच त्याचा हात धरला.

आजोबांची नोंद तर मी रद्द करून घेतली होती, तरी ते बरोबर तिच्याजवळ आले. आता तिचा पत्ता पुसला, तर ती कुठं जाईल? आणि तिला शोधत ते कुणाच्या दारात उभे राहतील?

मला खरंच माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.