बिडाचे चार पाय

मल्हारगंजातल्या भंगाराच्या ढिगातून अनुश्रीने बिडाचे दोन नक्षीदार पाय ओढून काढले, तेव्हा तसलेच दुसरे दोन एका उंच तरुणाच्या हातात होते. जुन्या कापड मिलमधल्या मशीनचे पाय. चार मिळाले तर टेबल, नुसत्या दोनांचं काहीच होत नाही.

“ते मला हवेत,” ती म्हणाली.

“मलापण तुमचे हवेत,” तो म्हणाला आणि… हसला. हसायचं काय कारण होतं, देव जाणे.

तो महूचा पंचशील. तिच्यासारखाच कारखान्यांच्या टाकाऊ मालातून फर्निचर बनवणारा, आणि तिच्याहून हट्टी. शेवटी दोघांनी मिळून एकच टेबल करायचं आणि लालबाग राजवाड्याच्या आवारातल्या मेळ्यात विकायचं ठरलं. तिला रंग हवा, त्याला नुसतं तेल. तिने पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या जोडल्या, त्याने त्या सुट्या करून पुन्हा जोडल्या. महिनाभर तिचं डोकं उठलं, आणि तो आला नाही त्या दिवशी तर जास्तच उठलं.

मेळ्यात मात्र त्याने कहर केला. या वेळी काही विकलं गेलं नाही तर भंगाराचा नाद सोडून नोकरी धरीन, असं अनुश्रीने घरी कबूल केलं होतं. हे त्याला ठाऊक होतं. तरी गिऱ्हाईक आलं की हा पुढे. “भिया, बहुत भारी आहे, जिन्यावरून चढणार नाही.” “काकू, जरा डगमगतं हं.” कुठे डगमगत होतं? शेवटच्या संध्याकाळी आणखी एक गिऱ्हाईक परत गेलं, तेव्हा तिचा संयम सुटला.

“तुला प्रॉब्लेम काय आहे यार? माझी वाट लावायचीय?”

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “हे विकलं की आपलं काम खतम… मग तुला भेटायला कोणता बहाणा करू?”

अनुश्रीला त्याचा भयंकर राग आला – आणि या वेड्यावर आपला जीव जडलाय, हेही तेव्हाच कळलं.

“मग सरळ बोलायचं ना. बहाणा कशाला पाहिजे? रविवारी घरी ये. लग्नाचं म्हटलं की बाबा भांडतील. मतलब… बरंच भांडतील.”

“आणि तू कुणाच्या बाजूने?”

एक बाई टेबलापाशी थांबून फळीवरून हात फिरवत होत्या.

“हे विकू दिलंस तर तुझ्या,” अनुश्री पुटपुटली.

पंचशीलने लगबगीने खुर्ची पुढे ओढली. “बसा ना काकू,” तो म्हणाला. “एकदम मजबूत आहे, बिलकुल हलत नाही.”