आधीच निवडलेलं नाव

"हा मेनू तुम्ही बनवलाय?"

मान वर केली तर ऑफिसातल्या माझ्या टेबलासमोर एक अनोळखी तरुण. शर्टावर मांजराचे केस, हातावर ताजे ओरखडे, आणि डोळ्यांत आठवडाभराची झोप साचलेली. मोबाईल त्याने अगदी माझ्या नाकासमोर धरला होता.

मला घाबरायला एरवीही कारण लागत नाही, आज तर ते पायांनी चालत आलं होतं.

"हो... म्हणजे — काय झालं?"

"कुत्री झाली, मांजरं झाली, पोपट झाले, आता बाहेर एक कासव बसलंय. सगळे माझ्याकडेच! आणि बाकीचे दोन डॉक्टर माश्या मारतायत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो प्राण्यांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर होता आणि त्यांचं ॲप आमच्या ऑफिसने बनवलं होतं. आधी अपॉइंटमेंट घेताना लोक डॉक्टरांचं नाव स्वतः टाइप करायचे. कुणी 'चष्मेवाले' लिहायचं, कुणी 'त्या हसऱ्या मॅडम'. म्हणून मी तिथे ड्रॉपडाउन टाकले. बोट लावलं की नावं खाली उघडतात, हवं ते निवडायचं. प्राणी कोणता, तक्रार काय, डॉक्टर कोण. दिसायला फार छान! फक्त डॉक्टरांची नावं मी अक्षरांच्या क्रमाने लावली आणि सगळ्यात वरचं नाव आधीच निवडून ठेवलं. रिकामी चौकट मला बघवत नाही, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. लोकांनी तो मेनू उघडलाच नाही, सरळ पुढे गेले.

सगळ्यात वरचं नाव या माणसाचं होतं.

"थोरले डॉक्टर म्हणतात, आल्या आल्या माझे पेशंट पळवतोस," तो खुर्ची ओढून बसला. "लवकरच हाकलतील मला."

"मी... मी बोलते त्यांच्याशी."

हे मी कशी बोलून गेले, देव जाणे. साधा फोन करायचा तरी मी आधी मनात तालीम करते. पण त्याच दुपारी मी थोरल्या डॉक्टरांसमोर उभी होते.

"म्हणजे मोबाईलची चूक?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही सर. माझी. यांचा काही संबंध नाही."

एवढं बोलून मी जवळजवळ पळतच निघाले. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "एवढं घाबरत होतात, तर आलात कशाला?"

"आले नसते तर जास्त घाबरले असते."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली... आणि माझी धडधड थांबायची ती वाढलीच.

मी चौकट रिकामी केली. आता तिथे नुसतं 'डॉक्टर निवडा' दिसायचं, आणि निवडल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"आज फक्त कासव आलं."

"अरे देवा! सॉरी, मी पुन्हा—"

"अहो, ऐका तर! कासवाच्या आजींनी मला शोधून निवडलं. वरचा म्हणून नाही." तो थोडा थांबला. "फार बरं वाटलं. चहा घ्यायला याल?"

मग आम्ही भेटतच राहिलो. दवाखान्यासमोरच्या छोट्या हॉटेलात, खिडकीजवळच्या टेबलावर.

"चहा की कॉफी?"

"काहीही चालेल."

तो दोन चहा सांगायचा. माझी वहिनी मला 'चालेलबाई' म्हणते, ते उगाच नाही. पंखा लावू की नको, या रस्त्याने जाऊ की त्या, सगळं मला चालतं. निवडलं आणि चुकलं तर? त्यापेक्षा निवडूच नये.

एका संध्याकाळी तो कप नुसता फिरवत बसला होता.

"दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलने बोलावलंय. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. पण मला इथलं आवडायला लागलंय..." त्याने वर पाहिलं. "जाऊ?"

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. पण जाण्यातच त्याचं भलं असेल तर? उद्या त्याने मला बोल लावला तर? आणि त्याला अडवणारी मी कोण?

"तुम्हाला योग्य वाटेल ते... मला चालेल."

या वेळी खळी पडली नाही. "मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी निवडाल," तो म्हणाला आणि चहा तसाच टाकून उठला.

सकाळी मी पोळीला टूथपेस्ट लावायचंच काय ते बाकी होतं. वहिनीने हात धरून बसवलं, सगळं वदवून घेतलं.

"मग तुला काय हवंय?"

"त्याला जे—"

"त्याचं नाही विचारलं मी."

माझ्याकडे उत्तर होतं. कालही होतं. मी चपला घातल्या.

दवाखाना गच्च भरलेला. घड्याळाकडे बघवत नव्हतं. त्याने एव्हाना कळवलं असेल का? तेवढ्यात दार उघडून तो बाहेर आला.

"पुढचं कोण?"

"मी," मी उभी राहिले.

"प्राणी कोणता?" त्याने सवयीने विचारलं, मग मान वर केली आणि तसाच राहिला.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. तुम्ही-बिम्ही सगळं गळून पडलं. "मला तू आवडतोस. तू इथे हवा आहेस मला. चुकलं तर चुकलं... पण मी निवडलंय."

कुत्रीसुद्धा गप्प झाली. मला वाटलं, संपलं, उशीर झाला.

"सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय," तो अखेर म्हणाला. "नंबर दाबवत नव्हता." आणि गालाला खळी पडली. "आता त्यांना 'नाही' म्हणून सांगतो."

"डॉक्टर," कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "आधी माझं कासव बघा, मग हिच्याकडे बघत बसा."

सगळे हसले. मीही, रडत रडत. तो जवळ आला, ओरखड्यांचा हात पुढे करून.

"कासव झालं की समोर जाऊ. चहा की—"

"कॉफी," मी म्हणाले. "मला चहा मुळीच आवडत नाही."

"मग इतके दिवस?"

"इतके दिवस तू आवडत होतास."